रुईवर नव्हते ते ठिपके

माझ्या तिघा नातवंडांनो,

फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो, जेवलात का ते विचारतो आणि फोन ठेवतो. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मलाही ते जमलं असतं. पण माझं इंग्रजी पुस्तकांतून शिकलेलं, फार सभ्य आहे. त्यात या गोष्टीतली माणसं होती त्यापेक्षा बरी दिसली असती, आणि तसं मला होऊ द्यायचं नाही.

आत्ताच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात सावंगीच्या दवाखान्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे बाकावर माझ्या शेजारी देवळीकडचा एक तरुण मुलगा बसला होता. त्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून मान मागे टाकून छताकडे बघत होता. मी विचारलं, "तुला या वयात काय झालं रे?"

"आतून रक्त येते, आजी. डोयाच्या मागच्या पडद्याच्या नसा सुजते म्हनते. ईल्स का काय म्हनते त्याले."

मग त्याला आत नेलं, लेझरने त्या नसा शेकल्या, आणि दुपारी तो बायकोच्या मागे स्कूटरवर बसून घरी गेला. जाताना मला म्हणाला, "घाबरू नका आजी, काहीच नाई दुखत."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

त्या रोगाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नागपूरला, एका डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत, माझ्या मामाशेजारी उभी राहून. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि मी कॉलेजात इंटरला होते. या मामाबद्दल तुम्हाला कोणी काही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनीही नाही. मला सगळं क्रमाने लावून सांगायची सवय आहे, पण मामा मला क्रमाने आठवत नाही. आठवतो तसा सांगते.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा नऊदहा वर्षांनीच मोठा. आईवडील लवकर गेल्यामुळे तो आमच्याच घरी, हिंगणघाटला राहायचा. माझे वडील वकील होते. मामा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात त्या कारखान्यात, रुईची प्रत लावायचा. मालाचे नमुने त्याच्यापुढे निळ्या कागदावर मांडले जात. तो खिडकीच्या उजेडात ते पाहायचा, चिमटीत तंतू ओढून लांबी जोखायचा आणि एकच शब्द उच्चारायचा. सुपरफाइन. किंवा फाइन. किंवा त्याहून हलकं फुल्ली गुड. त्या शब्दावर भाव ठरायचा. इतक्या लहान वयात अशी नजर अख्ख्या बाजारात कोणाची नाही, असं लोक म्हणत. मामा स्वतःही म्हणायचा, आणि लोकांपेक्षा जास्त वेळा.

या नजरेचे लाड आमच्या सगळ्या घराला करावे लागत. मामा कामावर जाईपर्यंत अंगणात रंगीत लुगडं वाळत घालायचं नाही. सकाळी डोळ्यांवर रंग पडला की पांढऱ्या-पांढऱ्यातला फरक कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आई पिळलेलं लाल लुगडं बादलीत घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड थांबायची आणि दबक्या आवाजात मला विचारायची, "गेला का थो?" सकाळच्या ताटात हळद दिसता कामा नये. दूध आणि ज्वारीची भाकर, बस. आणि दुपार उलटली की नमुना पाहायला साफ नकार. "आता उजेड पिवया झाला," म्हणायचा. एकदा मालकाने घाईचा माल आहे म्हणून संध्याकाळी घरीच नमुना पाठवला. मामाने ती रुई आपल्या उशीत भरली आणि निरोप दिला, "माल पोचला. मऊ आहे."

प्रत लावायची खोड कामापुरती नव्हती. आईचं वरण फुल्ली गुड, शेजारच्या घरातलं लग्न नुसतं गुड, चौकातल्या पुढाऱ्याचं भाषण "पुरी सरकी, रुई नाईच". घरी स्थळं सांगून येत तेव्हा म्हणायचा, "बायकोचा नमुना कोनी आधी पाठवत नाई. बिना नमुन्याचा माल मी घेत नाई." माझे इंग्रजी निबंध तो तपासायचा. त्याचं इंग्रजी कापसाच्या बाजारपत्रकांवरून उचललेलं. मी निबंध वाचायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, "लांबी आहे बाई, पन मजबूती नाई. ओढलं का तुटते." मला तेव्हा राग यायचा. पुढे आयुष्यभर मी मुलामुलींचे निबंध तपासले, पण इतकं नेमकं मला कधी लिहिता आलं नाही.

मॅट्रिकनंतर वडील मला घरी बसवायला निघाले होते. मामाने त्यांच्याशी वाद घातला नाही. "हिचं शिकनं बंद, तर माहं तुमच्या घरी जेवनं बंद," एवढंच म्हणाला आणि खरोखरच स्टेशनवर जाऊन जेवू लागला. वकिलाचा मेहुणा हमालांच्या पंगतीला बसून जेवतो ही बातमी गावभर झाली. वडिलांना बार रूममध्ये जायची चोरी झाली आणि माझं नाव कॉलेजात घातलं गेलं. माझ्या वडिलांना पटवून काही करायला लावता येत नसे. त्यांना लाजवावं लागे. हे लक्षात ठेवा, पुढे कळेल.

म्हणून मामा प्रेमळ होता असं समजू नका. तो तोंडाचा फटकळ होता, गर्विष्ठ होता, आणि एकदा लावलेली प्रत त्याने जन्मात कधी बदलली नाही.

त्याला एक त्रास होता. त्याचा घोळणा फुटायचा. बोलता बोलता नाकातून रक्ताची धार लागायची. त्यासाठी तो कोटाच्या खिशात रुईचा बोळा ठेवायचा, तोही उत्तम प्रतीचा. "नाक माहं आहे, कंपनीचं नाई. याच्यात हलका माल नाई चालत," असं त्यावर त्याचं उत्तर. आम्ही हसायचो. आई म्हणायची, उष्णता आहे. आमच्या घरात न कळणाऱ्या सगळ्या दुखण्यांचं नाव उष्णता होतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास कापसाच्या बैलबंड्यांनी रस्ते भरलेले होते. मामा जिनमध्ये एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा माल पाहत होता. नमुना निळ्या कागदावर पसरला आणि मामाने तोंड वाकडं केलं. "पत्ती आहे. फुल्ली गुड." पत्ती म्हणजे रुईत राहून गेलेला पानांचा काळपट चुरा.

व्यापारी चाट पडला. "कुठं पत्ती दिसून राह्यली, भाऊ? दुधासारखा माल आहे माहा!"

"मले दिसून राह्यली."

"अरे पन बोट तर लाव! कुठं आहे थे दाखव!"

मामाने बोट लावायला हात पुढे केला. ठिपका बोटाच्या पुढे सरकला. दुसरीकडे बोट ठेवलं, तिथूनही सरकला. मामाने मान वर केली, तर तेच काळे ठिपके चुन्याच्या भिंतीवर तरंगत होते.

हे त्यानेच मला सांगितलं. त्या दिवशी तो भर दुपारी घरी आला, धोब्याकडून आलेलं वडिलांचं पांढरं धोतर त्याने पलंगावर पसरलं आणि मला हाक मारली. "बाई, याच्यावर काय आहे?"

"काही नाही."

"नीट पाह्य."

"मामा, कोरं आहे ते."

तो धोतराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मले त्याच्यावर कोयीष्टकं दिसून राह्यली." कोळिष्टकं. एक डोळा झाकला, दुसरा झाकला. उजव्या डोळ्यातलं होतं ते.

मी विचारलं, "मग त्या व्यापाऱ्याचा माल?"

"लावली प्रत लावली."

तो माल पडत्या भावाने गेला. मामाला कळलं होतं की दोष रुईत नव्हता. त्याने शब्द मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर का घेतला ते सांगावं लागलं असतं.

चारपाच दिवसांत त्या डोळ्यापुढे धूर भरला. आईने उपचार सुरू केले. डोक्यावर लोण्याचा गोळा, तळपायाला काशाची वाटी, सकाळी गुलकंद, दुपारी सब्जा. आणि होळीच्या आत मामाला पुन्हा दिसू लागलं. हा रोग असाच फसवतो, हे मला पुढे कळलं. आत सांडलेलं रक्त शरीर आपणच शोषून घेतं, पुन्हा स्वच्छ दिसू लागतं आणि माणूस समजतो की बरा झालो. पण आमच्या घरात तो गुलकंदाचा विजय ठरला. आई गल्लीत सगळ्यांना तो सांगू लागली.

पुढच्या हंगामात उजव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं, आणि या वेळी लोण्याने काही झालं नाही. त्या डोळ्याला फक्त दिवस आणि रात्र कळायची. मामाने जिनमध्ये कोणाला सांगितलं नाही. एका डोळ्यावर तो सगळा हंगाम प्रती लावत राहिला, आणि त्या चुकल्या नाहीत असं तो म्हणायचा. हंगाम संपल्यावर तो नागपूरला गेला. वडिलांना कोर्ट होतं, म्हणून सोबत मी गेले.

डॉक्टर बंगाली होते, इंग्रजीतच बोलत. मामाच्या डोळ्यांत थेंब घालून, खोली काळोखी करून त्यांनी छोट्या दिव्याच्या यंत्राने खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी मलाच सगळं समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांना सूज येते, त्या गळतात, नव्या नाजूक फुटतात, त्या तुटतात आणि डोळ्यात रक्त भरतं. रोग फार आढळणारा नाही. तरुण पुरुषांना होतो. कारण कोणालाच ठामपणे माहीत नाही, पण क्षयाशी त्याचं काही नातं असावं असं बऱ्याच जणांना वाटतं. छातीचा फोटो काढला, तो साफ होता. मामाला क्षय नव्हता. तरी क्षयाचीच इंजेक्शनं घ्या, ते म्हणाले. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, पण डाव्यातही त्याच खुणा आहेत, तो वाचवायचा आहे. ताबडतोब पलंगावर पडायचं, डोकं उंच ठेवायचं, डोळे बांधून ठेवायचे. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, वजन तर मुळीच उचलायचं नाही.

मी विचारलं, "किती दिवस?"

"As long as it takes," ते म्हणाले.

गाडीत मामा खिडकीशी बसला होता. मी सगळं त्याला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर कसा वाटला?"

"चांगला होता."

"फाइन," तो म्हणाला. "सुपरफाइन नाई. थे असते तर कारण सांगते."

आता घरी काय चाललं होतं ते सांगते. माझं लग्न जमलं होतं. तुमच्या आजोबांशी. ते वर्ध्याला प्रोफेसर, घराणं चांगलं, मुहूर्त वैशाखातला. मी ओसरीवर उभी राहून डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं. 'क्षयाची इंजेक्शनं' हे शब्द मी उच्चारले आणि वडिलांनी उठून आधी रस्त्याकडचं दार लावलं.

"हे पुन्हा मोठ्याने बोलायचं नाही," ते म्हणाले.

"बाबा, त्याला क्षय नाही. छाती साफ आहे."

"ते डॉक्टरला कळतं. रोज कंपाउंडर पेटी घेऊन आपल्या दारात येणार. कसली इंजेक्शनं ते गावाला कळायला किती वेळ? गल्ली काय आंधळी आहे?"

"मग लग्न पुढे ढकला."

"मुहूर्त म्हणजे तुझ्या कॉलेजचा पेपर नाही. उजवा डोळा गेलाच आहे, डावा चांगला आहे. लग्न होऊन जाऊ दे, मग हवी तितकी इंजेक्शनं घेऊ दे त्याला."

मी मामाकडे पाहिलं. ज्या माणसाने माझ्या कॉलेजसाठी जेवण सोडलं तो आता बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "भाऊजी बरोबर म्हनते. इंजेक्शन कुठं पयून चाललं? आन माहा डावा डोया मजबूत आहे." त्यालाही ते सोयीचंच होतं. इंजेक्शनं सुरू झाली असती तर मालकाला डोळ्याचं कळलं असतं. ज्याने त्याने आपापल्या कारणासाठी गप्प राहायचं ठरवलं आणि त्या सगळ्यांनी मिळून त्याला माझं लग्न हे नाव दिलं.

आणि एक गोष्ट होती. आमच्यात नवरीला मामाने उचलून बोहल्यावर आणायची रीत आहे. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. मी चालत जाईन."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "वजन काऊन म्हनतं त्याले? नवरी म्हंजे का पोतं आहे? थे रीत असते."

मी कितीतरी वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने समजावलं. आई खोटं बोलत नव्हती, हेच मला अजून छळतं. पोतं, घागर, ट्रंक ही वजनं. डॉक्टर म्हणाले म्हणून तिने मामाला महिनाभर पाण्याची घागर उचलू दिली नाही. पण लग्नातली नवरी तिच्या हिशेबात वजन नव्हतीच.

लग्नाच्या दिवशी आमच्या अंगणात मांडव होता. गौरीहरापाशी मी बसले होते. मामा नवा कोट घालून मला न्यायला आला. मी उठून सरळ चालायला लागले. चार पावलंही गेले नसेन. वराकडच्या बायकांमधून माझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, पुढे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाल्या, "हे वो काय? नवरी पायानं? मामाले पोरगी उचलवत नाई का? काही दुखनंबिखनं आहे का याले?"

मांडव हसला. आई हसली. वडिलांचा चेहरा मला दिसत होता.

मी म्हटलं, "मला चालायचंय."

"चालजो ना जन्मभर," मामा म्हणाला, "आता चूप बस." आणि त्याने मला उचललं. "आईशपथ, अर्ध्या गाठीचं बी वजन नाई," तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोहल्यावर मला टेकवताना तो वाकला, आणि माझ्या कानाशी त्याचा श्वास एकदम थांबल्यासारखा झाला.

मंगलाष्टकं संपेपर्यंत तो रीतीप्रमाणे माझ्या पाठीशी उभा होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि बोटं रुतत होती. मला वाटलं त्याला भरून आलंय. पंगतीच्या वेळी तो मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभा होता, कोणी हाक मारली की मान हलवायचा. संध्याकाळी मी निघताना त्याला नमस्कार केला. उठून उभी राहिले, तेव्हा तो माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला, "नीट राह्यजो, बाई."

मी तशीच वडिलांकडे गेले. "बाबा, मामाला दिसत नाहीये."

"रडतोय तो. सगळेच रडतायत. मोटरीत बस."

मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "वरमाय बघतायत. बस."

श्रावणात मला माहेरी पाठवलं. मामा पलंगावर होता, उशांच्या उतरंडीवर डोकं, दोन्ही डोळे पट्टीने बांधलेले. कंपाउंडर रोज सकाळी पेटी घेऊन राजरोस दारातून येत होता. आता गल्लीने काय पाहायचं ते पाहिलं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. मुलगी नांदायला गेली होती. रिकाम्या झालेल्या काचेच्या छोट्या बाटल्या, रबरी बुचांच्या, आई धुऊन खिडकीत ओळीने ठेवायची. फेकवत नसत तिला.

मी मामाला विचारलं, "कधी झालं?"

"तुले टेकवलं तवाच. आधी कुकू सांडल्यासारखी लाल धार वरतून खाली उतरली. मग काया दोऱ्या. मंगलाष्टक सरेपर्यंत दुकान बंद."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बोलून? अंतरपाट काय पुन्हा धरला असता त्याइनं?"

इंजेक्शनांनी काही झालं नाही. फार उशीर झाला होता, पडदा सुटला होता. मला एक स्पष्ट सांगायला हवं. वेळेवर घेतली असती तरी त्या काळच्या औषधांनी डोळा वाचलाच असता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी तसा शब्द दिला नव्हता. पण तो पलंगावर पडून राहिला असता, आणि त्याने मला उचललं नसतं. एवढं तरी आमच्या हातात होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. सासरी मी खिरीसाठी केशर शोधत होते. सासूबाई म्हणाल्या, फडताळात वरच्या फळीवर आहे. मी हात घातला आणि हातात आली ती माहेरच्या खिडकीतल्यासारखीच बाटली. रबरी बुचाची. आत केशर. मागे आणखी होत्या, एकीत जायफळाची पूड, एकीत वेलदोडे.

"आई, या बाटल्या कुठल्या?"

"थोरल्या पोराच्या इंजेक्शनच्या. काच चांगला आहे, फेकाव काऊन?"

"कशाची इंजेक्शनं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "टी.बी.ची. झालं आता वर्ष-दीड वर्ष. पाह्यतं ना आता कसा आहे थो, बैलासारखा. तुमचं जमून राह्यलं होतं तवा घरात ह्या बाटल्याच बाटल्या. तुह्या बापाकडची मानसं आली का मी टोपल्याखाली झाकून ठेवत होती."

"आम्हाला सांगितलं नाही?"

"सांगतं का कोनी? सांगितलं असतं तर देल्ली असती का तुले तुह्या बापानं?"

मी म्हटलं, "मग मांडवात तुम्हीच विचारलंत ना, माझ्या मामाला काही दुखणंबिखणं आहे का?"

"विचारा लागते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोराकडचे हाओत आपन. नाई विचारलं तर लोकाइले शंका येते."

आणि त्यांनी माझ्या हातातून केशर घेतलं.

रात्री मी तुमच्या आजोबांना विचारलं. त्यांना अर्थातच माहीत होतं. "आईने बोलू नको म्हटलं होतं," ते म्हणाले. मामाचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला सांगायचं होतं. मी थांबलो असतो." मी त्यांच्याबरोबर पुष्कळ वर्षं संसार केला, ते वाईट माणूस नव्हते. पण ते वाक्य मी त्यांना कधी माफ केलं नाही. थांबायला त्यांना काही लागत नव्हतं. तोंड उघडायचं होतं फक्त, आमच्यासारखंच. आणि त्याच इंजेक्शनांनी ठणठणीत झालेला माझा मोठा दीर पुढे रोज माझ्यासमोर बसून जेवायचा, आणि वाढायची मी.

पुढे माहेरी गेले तेव्हा मामाला मी हे सांगितलं. सांगू नये असं आईने बजावलं होतं, पण मला आता सांगू नये याचाच वीट आला होता. मामा खाटेवर बसला होता. ऐकून हसायला लागला, इतका हसला की घोळणा फुटला. नाकाला बोळा लावून म्हणाला, "म्हंजे दोन्ही गाठी सारख्याच. वरतून चांगली रुई, आतमंदी कचरा. आन कापून पाह्यची कोनाची हिंमत नाई." मग हसू ओसरलं. "तुह्या बापाले सांगू नको. त्याले वाटन, सौदा बरोबरीचा झाला."

जिनमध्ये पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत नवा माणूस आला होता. मामा तरी गेला. चिमटीत तंतू ओढून लांबी अजून बिनचूक सांगायचा, पण रंग आणि पत्ती बोटांना कळत नाही. मालकाने त्याला थोडे दिवस खुर्ची दिली. मग एक दिवस ती खुर्ची नव्या माणसाला लागली.

त्यानंतर तो आमच्या मागच्या खोलीत राहिला. आता त्याच्या नजरेचे लाड संपले, आईने सकाळीच लुगडी वाळत घालायला सुरुवात केली. तो वाऱ्यावर कापड फडफडलं की विचारायचा, "कोन्ता रंग?" आई कधी सांगायची, कधी कामात असायची. माणसांच्या आवाजांना प्रती लावू लागला, पण लोक आता हसत नसत. आंधळ्या माणसाने फटकळ असू नये असं लोकांना वाटतं. गल्लीत सगळे सांगत की वकिलाच्या मेहुण्याच्या डोळ्यांत उष्णता चढली. वडिलांनी ते कधी खोडून काढलं नाही. माझ्याशी मामा शेवटपर्यंत बोलला, माझ्या वडिलांशी पुन्हा कधी नाही. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरातलं जेवून. वडील म्हणायचे, "विक्षिप्त आहे, पहिल्यापासूनच." मामा गेला तेव्हा चाळिशीही धड ओलांडली नव्हती त्याने. साधा न्यूमोनिया झाला होता.

आंधळ्याच्या वस्तू घरात नकोत म्हणून आईने कोट आणि अंथरूण देऊन टाकलं. हिंगणघाटचं घर पुढे विकलं, तिथे दुकानं झाली. ते जिन पाडलं. माझे आईवडील, सासूबाई, दीर, तुमचे आजोबा, सगळे गेले. मामाचा फोटो कोणाकडेही नाही. लग्नात काढलेल्या एका फोटोत माझ्या मागे त्याचा कोट दिसतो, चेहरा कडेला कापला गेला आहे. ते लग्न मात्र टिकलं. त्यातून तुमचे बाबा झाले, आणि तुम्ही तिघं.